पाळीव महाकासवांचा निवारा व आहार : दंतकथा आणि दप्तर

महाराष्ट्रांतील कित्येक जुन्या देवालयांत गाभाऱ्यासमोर फरसबंदींत बसविलेलें दगडी कासव असतें. त्यास चारा लागत नाहीं, छप्पर लागत नाहीं. पुजारी बदलले तरी त्याचें कांहीं अडत नाहीं. सजीव कासवाची गोष्ट निराळी आहे. त्यांतही हिंदी महासागरांतील बेटांवरचें महाकासव पाळणें म्हणजे एका माणसाच्या हयातींत पुरें न होणारें काम पत्करणें होय. धनी मरतो, वाडा दुसऱ्याच्या ताब्यांत जातो, प्रसंगीं राज्यही बदलतें. कासव मात्र चरतच असतें. त्यामुळें तें कोणीं आणिलें, कोठून आणिलें, पूर्वीं काय खात होतें आणि पावसापाण्यांत कोठें राहत होतें, हें सांगणाऱ्या माणसानें मूळ धन्यास पाहिलेलेंच नसतें. अशा स्थितींत साधनें दोनच उरतात: एक कर्णोपकर्णी आलेली कथा, आणि दुसरें लेखी टिपण.

कै. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत, म्हणजे १८९८ सालीं, बखरी आणि अस्सल पत्रें यांच्या विश्वसनीयतेंत केवढें अंतर असतें तें दाखवून दिलें. तीच कसोटी येथें लावून पाहण्यासारखी आहे. एखाद्या थोर पुरुषाच्या नांवाशीं जोडलेली कासवाची कथा बखरीच्या वर्गांत पडते. त्याच्या चाऱ्याची, निवाऱ्याची व वजनाची साधी टांचणें अस्सल कागदाच्या वर्गांत पडतात. पहिलीच्या मोहानें दुसरीं हरवतात आणि त्यांत इतिहासाचें व त्या मुक्या प्राण्याचें असें दुहेरी नुकसान होतें, हें कांहीं प्रसिद्ध उदाहरणांवरून दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतु आहे.

१. महाकासवाची प्रकृति

प्रथम हा प्राणी मागतो काय तें पाहिलें पाहिजे; कारण त्यावांचून जुन्या नोंदींचा अर्थ लागत नाहीं. अल्डाब्रा हें सेशेल्स द्वीपसमूहांतील प्रवाळाचें वलयाकार बेट. तेथील नर कासवाचें कवच एक मीटरहून लांब वाढतें आणि वजन अडीचशें किलोंपर्यंत जातें. बेटावर त्याचें मुख्य खाद्य म्हणजे आखूड गवत व त्यांत मिसळलेल्या बारीक वनस्पति. शिवाय झाडपाला आणि गळलेलीं फळें. असला चिवट, तंतुमय पाला त्याच्या आंतड्याच्या शेवटच्या भागांत सावकाश कुजून पचतो. म्हणून गोड फळें, पाव किंवा कडधान्यें यांचा मारा त्यास मानवत नाहीं. नित्याचा आहार गवत व पाला हाच असावा लागतो, आणि कवचाच्या व हाडांच्या पोषणासाठीं त्यांत चुन्याचा अंश पुरेसा असावा लागतो.

निवाऱ्याचें मर्म उष्णतेंत आहे. कासवास स्वतःच्या अंगची ऊब राखतां येत नाहीं. ती बाहेरून घ्यावी लागते. सकाळीं ऊन खाल्ल्याशिवाय तें चरावयास निघत नाहीं. पण तेंच ऊन माध्यान्हीं त्याचा काळ ठरतें. अल्डाब्रावर दुपारपूर्वीं सावली न गांठलेलीं कासवें कवचाच्या आंत तापून मरतात. चिखलांत लोळून तीं अंग थंड ठेवितात, आणि अगदीं उथळ डबक्यांतील पाणी नाकावाटे ओढून पिण्याची त्यांस संवय आहे. यावरून पाळणाऱ्यास लागणारी सामग्री ठरते: चरण्यास व हिंडण्यास विस्तृत गवताळ जागा, सकाळचें ऊन, दुपारची दाट सावली, उथळ पाणी व चिखल, आणि थंड देशांत कोरडी ऊबदार खोली. कुंपण उंच नसलें तरी चालतें, पण भक्कम असावें लागतें. कारण हा प्राणी उडी मारीत नाहीं, रेटा देतो. मोठ्या खर्चाचें यांत कांहीं नाहीं; सातत्य मात्र फार लागतें.

अन्नपाण्यावांचून महिनोन् महिने जिवंत राहण्याचा जो गुण त्याचें रक्षण करतो, त्यानेंच त्याचा घात केला. गलबतावर ताजें मांस ठेवण्याची याहून सोपी युक्ति नाविकांस नव्हती. १६९१ च्या सुमारास रॉड्रीग्ज बेटावर फ्रांस्वा लेगा यानें कासवांचे थवेच्या थवे पाहिले होते. पुढें शंभर-सव्वाशें वर्षांत तेथील जाति समूळ नाहींशी झाली. मॉरिशस व रेयुनियन येथेंही तेंच घडलें. अल्डाब्राचीं कासवें तेवढीं उरलीं, आणि त्यांचें रक्षण करावें म्हणून १८७४ सालीं डार्विन, हूकर, ओवेन प्रभृति शास्त्रज्ञांनीं मॉरिशसच्या गव्हर्नराकडे अर्ज केला. ज्या काळांत हा अर्ज झाला, जवळ जवळ त्याच काळांत कलकत्त्याच्या एका प्राणिसंग्रहालयांत असलें एक कासव येऊन दाखल झालें. त्याकडे पुढें वळावयाचेंच आहे.

२. सेलबर्नची रोजनिशी

मोठ्या कासवांपूर्वीं एका लहान कासवाचा दाखला घेणें अवश्य आहे. कारण नोंद कशी असावी तें त्यावरून कळतें. इंग्लंडांतील हॅम्पशर परगण्याच्या सेलबर्न गांवचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) यांच्या आत्याबाई रेबेका स्नूक ससेक्समधील रिंगमर येथें राहत. त्यांच्या घराच्या भिंतबंद आवारांत टिमोथी नांवाचें एक भूमध्यसागराकडील जमिनीवरचें कासव कित्येक वर्षें पाळलेलें होतें. १७८० च्या मार्च महिन्यांत बाई वारल्यावर व्हाइटनीं तें जमिनींतून उकरून काढिलें, पेटींत घातलें आणि सुमारें ऐशीं मैलांचा प्रवास करवून सेलबर्नला आणिलें.

व्हाइट १७६८ पासून छापील रकान्यांच्या वहींत हवामान, झाडें, पक्षी यांची दररोज टिपणें ठेवीत. त्या वहींत टिमोथीसही जागा मिळाली. त्यांचीं टिपणें व छापील पत्रें यांवरून त्या प्राण्याचें वर्ष डोळ्यांपुढें उभें राहतें. नोव्हेंबरांत तें पुढच्या पायांनीं माती उकरून मागच्या पायांनीं पाठीवर टाकी आणि घड्याळाच्या तासकाट्याइतक्या संथपणें जमिनींत शिरे. एप्रिलच्या मध्याच्या सुमारास वर येई. भर उन्हाळ्यांत कोबीच्या मोठ्या पानाखालीं किंवा भाजीच्या दाट वाफ्यांत सावली शोधी. शरदांत फळझाडांच्या भिंतीशीं कवच तिरपें टेकून परावर्तित ऊन घेई. कवचावरून भरलेली गाडी गेली तरी इजा होणार नाहीं असा तो प्राणी, पण पावसाच्या चार थेंबांस भिई. लेट्यूस, डँडेलियन अशा, ज्यांच्या देठांतून दूध गळतें त्या वनस्पति त्यास विशेष आवडत. ज्या बाईनें तीस वर्षांहून अधिक काळ त्यास खावयास घातलें, तिला तें ओळखी. वजनही वेळोवेळीं केलें जाई. तें साडेसहा पौंडांच्या जवळपास असे.

या प्राण्याचें नांव कोणत्याही सेनापतीशीं किंवा राजाशीं जोडलेलें नाहीं. तरीही अठराव्या शतकांतील एवढ्या कासवाचा निवारा, आहार, निद्रा व वजन आपणांस ठाऊक आहे, तें केवळ एका माणसानें दररोज वही लिहिली म्हणून. अर्थात् वहीसही मर्यादा असते. व्हाइटनीं टिमोथीस जन्मभर नर मानिलें. व्हाइटच्या मृत्यूनंतर १७९४ सालीं कासव मेलें, त्याचें कवच जपून ठेविलें गेलें, आणि तें तपासल्यावर तो प्राणी मादी असल्याचें ठरलें. हें कवच लंडन येथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांत आहे. कागद व वस्तु हीं दोन्ही साधनें एकमेकांस कशीं पूरक होतात याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

३. पोर्ट लुईची छावणी

आतां महाकासवांकडे वळूं. १७६६ सालीं मारियों द्यू फ्रेन या फ्रेंच नाविकानें सेशेल्स बेटांवरून एक मोठें कासव मॉरिशसला आणिलें. पोर्ट लुईच्या लष्करी बरॅकी हेंच त्याचें घर झालें. १८१० सालीं बेट इंग्रजांनीं जिंकिलें. निशाण बदललें, पलटणी बदलल्या, कासव तेथेंच राहिलें. पुढें १९१८ सालीं तोफेच्या मोर्चाच्या खाचेंत पडून तें मेलें. आणिलें तें साल व मेलें तें साल यांमध्यें १५२ वर्षांचें अंतर पडतें, आणि आणिलें तेव्हांच तें पूर्ण वाढलेलें होतें.

या उदाहरणाचें महत्त्व असें कीं, येथें पाळणारा एक माणूस नसून एक संस्था होती. शिपाई बदलीवर जातो, पण छावणी जागच्या जागीं असते. तिच्याभोंवतीं मैदान असतें, तिचें ठाणें सहसा मोडत नाहीं. दीडशें वर्षें जगणाऱ्या प्राण्यास घरापेक्षां ठाणें अधिक मानवतें. त्याच्या मृत्यूचें कारणही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे: रोगानें नव्हे, उपासानें नव्हे, तर आवारांतील एका न झांकलेल्या खाचेमुळें तें गेलें. महाकासवाच्या निवाऱ्यांत सर्वांत आधीं पाहण्याची गोष्ट म्हणजे जमीन.

४. अलीपूरचा ‘अद्वैत’ आणि क्लाइव्हची कथा

कलकत्त्याच्या अलीपूर येथील प्राणिसंग्रहालयांत ‘अद्वैत’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें अल्डाब्राचें कासव २००६ सालच्या मार्च महिन्यांत वारलें. वजन सुमारें अडीचशें किलो. गव्हाचा कोंडा, गाजरें, लेट्यूसचा पाला, भिजविलेले हरभरे, पाव, गवत आणि मीठ असा त्याचा आहार प्रसिद्ध झाला आहे. २००५ च्या अखेरीस कवचास तडा गेला, त्याखालीं जखम झाली, आणि कांहीं महिन्यांतच त्याचा शेवट झाला. मृत्यूच्या वेळीं सर्वत्र असें छापलें गेलें कीं, हें कासव रॉबर्ट क्लाइव्हचें. इंग्रज खलाशांनीं सेशेल्सहून आणून त्यास नजर केलेल्या चार कासवांपैकीं हें एक. तें क्लाइव्हच्या बराकपूर येथील बागेंत असे. आणि त्याचें वय अडीचशें वर्षें.

या कथेचीं अंगें सुटीं करून पाहिलीं पाहिजेत. बराकपूरहून १८७५ च्या सुमारास कासव अलीपुरास आलें, हा भाग परिस्थितीशीं जुळतो. अलीपूरचें संग्रहालय १८७६ च्या १ जानेवारीस उघडलें, आणि त्याच्या उभारणींत तार खात्यांतील जर्मन अधिकारी कार्ल लुई श्वेंडलर यांचा व त्यांच्या खाजगी प्राण्यांचा मोठा वाटा होता. बराकपूर येथें त्यापूर्वीं सरकारी प्राणिसंग्रह होता हेंही खरें. परंतु तो संग्रह क्लाइव्हचा नव्हे. बराकपूरचें उद्यान १८०१ नंतर लॉर्ड वेलस्लीनें वाढविलें, आणि तेथील प्राणिसंग्रहही त्याच्याच कारकीर्दींत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, निघाला. फ्रान्सिस बुकानन यांची त्यावर देखरेख होती. क्लाइव्हनें १७६७ च्या जानेवारींत हिंदुस्थान कायमचें सोडिलें, आणि १७७४ सालीं तो इंग्लंडांत वारला. त्याचें कलकत्त्याबाहेरचें घर दमदम येथें होतें. म्हणजे ‘क्लाइव्हची बराकपूरची बाग’ या तीन शब्दांत पहिला शब्द एका काळाचा व उरलेले दोन दुसऱ्या काळाचे आहेत.

दुसरी कसोटी समुद्राची. सेशेल्स बेटांचा ताबा १७५६ सालीं फ्रेंचांनीं सांगितला, आणि त्याच वर्षीं युरोपांत सुरू झालेलें सप्तवार्षिक युद्ध १७६३ पर्यंत चाललें. त्या अवधींत इंग्रज खलाशांनीं तेथून कासवें आणून बंगालच्या गव्हर्नरास भेट देणें अशक्य नव्हतें. पण सहजही नव्हतें. उलट १८१० सालीं मॉरिशस इंग्रजांच्या हातीं आल्यावर आणि १८१४ च्या तहानें मॉरिशस व सेशेल्स या दोहोंवरचा त्यांचा हक्क कायम झाल्यावर कलकत्ता व तीं बेटें यांमधील मार्ग मोकळा झाला. अन्नपाण्यावांचून प्रवास सोसणारा असला प्राणी बराकपुरास पोंचण्यास हा काळ किती तरी अधिक अनुकूल दिसतो. हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. पण तें ज्ञात कालक्रमास धरून आहे, आणि क्लाइव्हची कथा तशी नाहीं.

मग वय किती? अलीपुरांतील वास्तव्य तेवढें धरलें तरी १८७५ ते २००६ मिळून १३१ वर्षें होतात. असलें कासव पूर्ण वाढीस लागण्यास पंचवीस-तीस वर्षें लागतात. आलें तेव्हां तें वाढलेलें असल्यास दीडशें वर्षांचें आयुष्य निःसंशय ठरतें. दीडशें हा आंकडा आश्चर्याचाच आहे. त्यावर आणखी शंभर वर्षें चढविण्यासाठीं क्लाइव्हची गरज नव्हती.

अलीपूरचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनीं १८९२ सालीं बंगालच्या सखल प्रदेशांत बंदिवासांतील प्राणी कसे सांभाळावे याविषयीं इंग्रजींत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राण्याचें घर, खाणें, वीण, आजार व औषध यांची स्वानुभवावर आधारलेली माहिती त्यांत पद्धतशीर दिली आहे. अशा प्रकारचा तो जगांतील आद्य ग्रंथांपैकीं एक होय. परंतु त्याचें विवेचन सस्तन प्राणी व पक्षी यांचें आहे. त्या ग्रंथकर्त्याच्या आवारांत जें कासव सर्वांहून अधिक जगणार होतें, त्याचा वर्ग तेवढा त्या योजनेबाहेर राहिला. त्यावर सान्यालांचीं दोन पानें असतीं, तर क्लाइव्हच्या कथेचीं शेंकडों वृत्तें त्यांपुढें फिकीं पडलीं असतीं.

५. हॅरिएट व जोनाथन

अद्वैत गेलें त्याच वर्षीं, १९०० नव्हे तर २००६ च्या जून महिन्यांत, ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड येथें हॅरिएट नांवाची गालापागोस बेटांची कासवी सुमारें १७५ वर्षांची होऊन वारली. जास्वंदीचीं फुलें तिच्या विशेष आवडीचीं. तिला १८३५ सालीं चार्ल्स डार्विननें स्वतः आणिलें, अशी कथा प्रचलित होती. तिच्या शरीरांतील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा झाली तेव्हां ती सांताक्रूझ बेटाच्या जातीची ठरली; आणि त्या बेटावर डार्विन उतरलाच नव्हता. येथें कागदानें नव्हे, प्राण्याच्या देहानेंच साक्ष फिरविली.

याच्या उलट उदाहरण सेंट हेलिना बेटावरील जोनाथनचें. सेंट हेलिना म्हटलें कीं नेपोलियनचें नांव ओठांवर येतें. परंतु नेपोलियन १८२१ सालीं वारला आणि हें कासव १८८२ सालीं बेटावर आलें. थोर नांवाचा मोह येथें आवरला गेला, कारण पुरावा हातीं होता. गव्हर्नरास भेट म्हणून तीन सोबत्यांसह तें आल्याची व त्या वेळींच पूर्ण वाढलेलें असल्याची लेखी नोंद आहे. आणि १८८६ पर्यंतच्या काळांत घेतलेल्या एका छायाचित्रांत गव्हर्नरच्या प्लँटेशन हाउसच्या हिरवळीवर तें चरत असलेलें दिसतें. पूर्ण वाढीस पन्नास वर्षें धरून त्याचा जन्म १८३२ च्या सुमारास मानिला जातो. आणि २०२२ सालीं बेटाच्या सरकारनें १८३२ च्या ४ डिसेंबरास त्याचा जन्म झाल्याचें सोयीसाठीं ठरविलें. ती तारीख ठरविलेली आहे, सांपडलेली नाहीं, हें संशोधकानें विसरूं नये.

जोनाथनच्या म्हातारपणाची हकीकत आहारदृष्ट्या अत्यंत बोधप्रद आहे. मोतीबिंदूनें दृष्टि गेली, वास येईनासा झाला. त्यामुळें चांगलें गवत शोधतां येईना आणि चोंचीची धार बोथट होऊन ती झिजूं लागली. पशुवैद्य जो हॉलिन्स यांनीं आठवड्यांतून एकदां त्यास हातानें काकडी, कोबी, गाजर, सफरचंद, केळीं असें खाद्य भरविण्याचा क्रम सुरू केला. थोड्याच अवधींत अंग भरलें आणि चोंच पुन्हां धारदार झाली. एरवीं महाकासवास बेतानेंच द्यावयाचीं फळें येथें औषध ठरलीं. तरुण कासवाचा आहार म्हाताऱ्यास पुरत नाहीं, हा नियम एका वैद्यानें पाहिला, लिहून ठेविला आणि जगास सांगितला. म्हणून तो पुढच्या पाळणाऱ्यांच्या कामीं येईल.

६. निष्कर्ष

वरील उदाहरणें शेजारीं ठेवून पाहतां एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या कासवाभोंवतीं मोठें नांव आहे त्याची माहिती थोडी व शंकास्पद. ज्याभोंवतीं वही, पत्र, छायाचित्र किंवा कवच आहे त्याची माहिती बहुत व खात्रीची. क्लाइव्ह किंवा डार्विन यांनीं कासव पाळलें कीं नाहीं यावर त्यांची योग्यता अवलंबून नाहीं. पण कोंडा किती घातला, सावली कोठें होती, तडा केव्हां दिसला, या टिपणांवर पुढील कासवाचें आयुष्य अवलंबून आहे.

आमच्याकडील दप्तरांत पागेच्या व पीलखान्याच्या दाणावैरणीचे हिशेब पुष्कळ आढळतात. संग्राहक ते बहुधा बाजूस सारतात. लढाईचें किंवा तहाचें पत्र हातीं आलें म्हणजे वैरणीच्या फर्दीस कोण विचारतो? परंतु संस्थानांचे प्राणिसंग्रह, धनिकांच्या बागा, जुन्या सरकारी उद्यानांचीं दप्तरें यांतील अशाच फर्दींत पाळीव प्राण्यांचा खरा इतिहास दडलेला असतो. पाल्याचा खर्च, राखणदाराचा पगार, आवाराची दुरुस्ती, हिंवाळ्यांतील पेंढ्याची खरेदी, यांपैकीं एखादी ओळही एका शंभर वर्षांच्या दंतकथेस खोडून काढूं शकते किंवा तिला आधार देऊं शकते. अशी फर्द हातीं आल्यास तिची नक्कल तारखेसह करावी, मूळ कागद फेंकूं नये, आणि प्राण्याचें कवच किंवा शिंग शिल्लक असल्यास तें कोठून आलें याची चिठी त्यास कायमची जोडून ठेवावी.

आणि ज्यांच्या ताब्यांत असा दीर्घायुषी प्राणी जिवंत आहे, त्यांचें कर्तव्य तर याहून सोपें आहे. दर महिन्यास वजन, दर वर्षास कवचाची लांबी, दररोजचा चारा, निवाऱ्यांत केलेला फेरफार आणि आजाराचा दिवस, एवढें एका वहींत लिहावें. वही भरली म्हणजे ती पुढच्या राखणदाराच्या स्वाधीन करावी. कासव आपल्या मागें राहणार हें निश्चित आहे. त्याच्याबरोबर वही राहील कीं केवळ कथा, हें मात्र पाळणाऱ्याच्या हातीं आहे.